अर्धं भरलेलं वर्तुळ

४ जुलै

वन्सं,

नमस्कार करते. पाय हाताशी नाहीत, म्हणून कागदावरच डोकं टेकवलंय असं समजा.

माझं अक्षर तुम्ही ओळखलं असेलच. ओळखून पाकीट बाजूला ठेवू नका, एवढीच विनंती. मागची बाजू छापील दिसेल, ती यांच्या शाळेतली जुनी प्रश्नपत्रिका आहे. एक बाजू कोरी असताना नवा कागद घ्यायला माझा हात धजत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

फोन करून पाहिला. दरवेळी ठकू उचलते आणि "आई झोपलीये मामी" म्हणते. भर सकाळी तुम्ही झोपणाऱ्यातल्या नाही, हे मला कळतं हो. मुलीला खोटं बोलायला लावण्यापेक्षा पत्र बरं, म्हटलं.

इकडे सगळं ठीक आहे. हे बरे आहेत. परवा वर्गात फळ्याजवळच्या चौथऱ्यावरून पाय निसटला, गुडघा सुजलाय, बाकी काही नाही. "बेडूकसरांनी उडी मारली" असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं म्हणे. घरी येऊन यांनीच हसत हसत सांगितलं. मग गुडघा शेकत बराच वेळ बसले, तेव्हा हसत नव्हते.

लिंबाचं झाड अजून आहे, गॅलरीत, तेलाच्या डब्यात. त्यावरच्या अळ्यांची बडदास्त जावयासारखी चालते. मला त्या झाडाचं एक लिंबू आजवर मिळालेलं नाही. पानंच उरत नाहीत तर लिंबू कुठून लागणार! बोलले तर वर ऐकवतात, "तुझं लिंबू बाजारात मिळेल, माझं फुलपाखरू मिळेल का?"

एक विचारायचं होतं, सहजच. तुमच्या आजीला, म्हणजे मामंजींच्या आईला, दिवे लागल्यावर नीट दिसायचं का? हे तेव्हा फार लहान होते. तुम्ही तिच्याजवळ वाढलात, तुम्हाला आठवत असेल. एका ओळीचं उत्तर दिलंत तरी पुरे.

तुमची भावजय


२१ जुलै

वन्सं,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरूनच चालले होते.

मागच्या पत्रात 'सहजच' लिहिलं ते खरं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसते आणि आपल्याच माणसाला खोटं लिहिते, हे काही बरं वाटेना. म्हणून आज खरं लिहिते.

यांचे डोळे जातायत.

बरेच दिवस संध्याकाळी बाहेर जायचं टाळत होते. मला वाटलं, वय झालं. मग उंबरा चुकायला लागला. पुढ्यातली वाटी दिसायची नाही, पण समोरच्या भिंतीवरची पाल बरोबर दिसायची. मी आपली चिडायची, "पाल दिसते आणि मी वाढलेलं दिसत नाही का?" शेवटी त्या गुडघ्यानंतर हट्टानं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसवून खूप वेळ तपासलं. बाजूचं सगळं गेलंय म्हणाल्या, मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. आणि तेही हळूहळू आवळत जाणार. औषध नाही.

"घरात आणखी कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधी हेच म्हणाले, "वडिलांना होतं. पण ते मला होऊ शकत नाही. मी जीवशास्त्र शिकवतो."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हसल्या नाहीत. "डोळ्यांना ते माहीत नसेल, सर," म्हणाल्या.

आता त्या तक्त्याचं लिहायलाच हवं. त्या दिवशी तुम्ही आमच्या दारातून निघून गेलात, माझं ऐकायला थांबला नाहीत. ते काय झालं होतं ते नीट ऐका तरी. आनुवंशिकतेचा धडा होता. पुस्तकात कुठल्याशा परक्या राजघराण्याचं उदाहरण. यांची सवय अशी, की प्रत्येक धडा घरातून काढायचा. पचनाला माझा स्वयंपाक, श्वसनाला माझं घोरणं, आणि मी मुकाट्यानं सोसायचं. तसंच त्या दिवशी आपलं घराणं फळ्यावर काढलं. पुरुष चौकोन, बायका गोल, आणि ज्याला आजार त्याची आकृती खडूनं भरायची. मामंजी भरले. मामंजींचे मामा भरले, कारण तेही आंधळे झाले होते. मग मुलांना सांगितलं, की असा आजार आईकडून मुलाकडे येतो, बापाकडून मुलाकडे नाही, म्हणून सरांचा चौकोन कोरा. पण बापाची मुलगी तो आपल्याबरोबर नेते. तिला स्वतःला त्रास होत नाही, ती पुढं देते. म्हणून तुमचं वर्तुळ अर्धं भरलं. त्याखाली ठकूचं, आणि ठकूच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह.

एका मुलीनं विचारलं, "सर, ही तुमची सख्खी बहीण का?" हे म्हणाले, "हो." वेळ बघून गप्प बसायची अक्कल देवानं या माणसाला दिलीच नाही. ती मुलगी ठकूच्या ठरलेल्या नवऱ्याची चुलतबहीण निघाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लग्न मोडलं, आणि ठकूनं दुसरं कधी जमवू दिलं नाही. "मी प्रश्नचिन्ह आहे ना मामी," असं मला हसून म्हणाली होती. ते हसणं मी विसरलेले नाही.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर हे त्या लिंबापाशी जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "तक्ता चुकला."

"चुकला तर चुकला. जेवून घ्या."

"अगं, मला झालं म्हणजे ते बाबांकडून सरळ माझ्याकडे आलं. मग ते फक्त आईकडूनच मुलाकडे जाणारं नव्हतं. हे वेगळंच आहे. यात अर्धं वर्तुळ नसतंच. ताईचं एकतर पूर्ण भरलेलं, नाहीतर अगदी कोरं. आणि ताईचं कोरं असेल तर ठकूचंही कोरं."

म्हणजे वन्सं, तुम्हाला संध्याकाळी नीट दिसत असेल, तर आपली ठकू मोकळी आहे. कधीच अडकलेली नव्हती.

म्हणून आजीचं विचारलं. मामंजींना ते त्यांच्या आईकडून आलं असणार, म्हणजे तिलाही असणार, असं हे म्हणतात. पण आजीचं कुणी कधी बोललं नाही. "पुरुष बाहेर ठेचकाळतात म्हणून कळतात," हे म्हणाले. "बाई संध्याकाळी घरात. कुठला डबा कुठे आहे ते तिच्या हाताला पाठ. मी फक्त चौकोन मोजले."

आता खरं सगळं लिहिलं. आता तरी लिहा.


९ ऑगस्ट

वन्सं,

पोस्टमनला विचारलं, पत्रं पोचतात का हो? तो म्हणाला, परत येत नाहीत म्हणजे पोचतात. म्हणून लिहिते.

शाळेत यांनी अजून काही सांगितलेलं नाही. निवृत्तीपर्यंत रेटून न्यायचं म्हणतात. धडे तर तोंडपाठ आहेत. उत्तरपत्रिका घरी आणतात आणि मी वाचून दाखवते. मी मॅट्रिक झाले तेव्हा वडील म्हणाले होते, आता पुरे, हिशेब ठेवण्यापुरतं आलं. या वयात मी जीवशास्त्राचे पेपर तपासतेय, हे बघायला ते हवे होते.

वाचायचं एक वेळ जमतं, आकृत्या सांगायच्या म्हणजे कर्मकठीण. काल एकाचं हृदय आलं.

"काय काढलंय?"

"पेरूसारखं काहीतरी. त्याला नळ्या."

"बाण कुठल्या दिशेला?"

"आत."

"सगळे?"

"सगळे आतच."

"मग माणूस फुटेल. गुण काप."

पुनरुत्पादनाच्या धड्याचं मी ओठातल्या ओठात वाचते. तर म्हणतात, "मोठ्यानं वाच. देव रागावणार नाही, त्याचाच विषय आहे." अशी थट्टा करतात आणि मला वाटतं, आहे, माणूस अजून जागेवर आहे. मग पेन ठेवायला टेबल शोधतात. टेबलाचा काठ सापडेपर्यंत हात हवेत फिरतो, आणि मी दुसरीकडे बघते. दुसरीकडे बघण्यापलीकडे मला काही करता येत नाही, वन्सं. नवस बोलायचा तर काय म्हणून बोलू? डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलंय. जे व्हायचंच नाही ते देवाकडे मागणं म्हणजे त्याला अडचणीत टाकल्यासारखं होतं.

परवा म्हणाले, "बाबांचे डोळे बरे करायला मी डॉक्टर होणार होतो." हे मला नवं नव्हतं. तुम्हालाही नाही. डॉक्टरकीला गुण कमी पडले, मग विज्ञानाची पदवी, मग शिक्षकाचं शिक्षण, आणि तुम्ही त्या सगळ्या वर्षांत दुसऱ्यांचे कपडे शिवत होतात. पण पुढचं नवं होतं. म्हणाले, "बरे करता येईनात, म्हणून मी ते समजून घ्यायचं ठरवलं. समजलं असं वाटलं, त्याच आनंदात फळ्यावर काढलं. ताईला दुखवायचं नव्हतं. मला वाटलं, बाबांचं कोडं सुटलं."

एक सांगून ठेवते. हे सगळं ठकूला आत्ताच सांगू नका. आधी तुमचं नक्की कळू दे. पोरीच्या मनात आशा लावायची आणि मग आपणच काढून घ्यायची, असं आपल्या हातून नको.


३० ऑगस्ट

वन्सं,

यांना कळलं. मी गॅलरीत बसून लिहीत होते, हे मागून आले आणि पेनाच्या आवाजावरून म्हणाले, "हिशेब इतका लांब नसतो. ताईला लिहितेस ना?" मला वाटलं, आता रागावणार. तर म्हणाले, माझंही लिही. आता हे सांगतायत तसं लिहिते.

ताई, साष्टांग नमस्कार. तुझा बाळ्या. मी मांडलेला वंशतक्ता उपलब्ध पुराव्याच्या आधारे त्या वेळी तर्कसंगत होता, तथापि

(मी म्हटलं, ही माफी आहे की शाळेचा अहवाल? हे म्हणाले, मग तू सांग कसं लिहायचं. मी म्हटलं, 'चुकलो' लिहा. हे म्हणाले, बरं.)

ताई, चुकलो. वर्गात तुझं वर्तुळ काढलं ते चुकलो, आणि जसं काढलं तेही चुकलो.

तुला एक करायचं आहे. सूर्य मावळला की दिवा न लावता थोडा वेळ बस. डोळ्यांना सवय होऊ दे. मग समोर एका जागी बघत राहा आणि ठकूला तुझ्या बाजूनं हात हलवायला सांग. मान न वळवता हात दिसला, तर फार चांगलं. पक्कं तपासायला डॉक्टरकडे जा, पण आधी हे कर आणि कळव. ठकूच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी तिच्या वर्तुळात जे चिन्ह घातलं ते मला पुसायचं आहे.

आणि ताई, मला अजून मधलं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा मावेल एवढं. ते आहे तोवर येऊन जा. बोलू नकोस हवं तर. समोर बस फक्त.

(एवढं सांगून उठले आणि आत गेले. जाताना दाराची कड खांद्याला लागली. शाळेतही कळलंय आता. प्रयोगाच्या तासाला पेटत्या दिव्यावर बाही गेली, मुलींनी वेळेवर ओढलं. मोठ्या बाई भल्या आहेत, त्यांनी यांना ग्रंथालयात बसवलंय. दिसत नाही त्या माणसाच्या ताब्यात पुस्तकं दिली. यांनी ते मला सांगितलं आणि म्हणाले, "हस ना, विनोद आहे." मला जमलं नाही.)

वन्सं, तुमचा राग खरा आहे. पण आता तो थोडा बाजूला ठेवा. नंतर हवा तर परत घ्या, मी काही म्हणणार नाही.


१८ सप्टेंबर

ठकूबाई,

हे पत्र तुझ्या नावानं लिहितेय. आधीची सगळीही तूच वाचलीस, हे आता कळलं.

तुझं पाकीट काल आलं. मी भाजी निवडत होते, हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. ते काम त्यांना बोटांनी छान जमतं. "ताईचं?" म्हणाले. मी म्हटलं, "अक्षर ठकूचं." हात पुसून फोडलं आणि वाचायला लागले. पहिला कागद दोघांसाठी होता, तुमची खुशाली आणि आईचे आशीर्वाद. तो संपला. दुसरा उलगडला आणि माझ्या तोंडून निघालं, "फक्त मामीसाठी."

ठकू, ते शब्दसुद्धा मी मोठ्यानं वाचले गं. इतके महिने या घरात आलेला प्रत्येक कागद मी मोठ्यानं वाचतेय. दुधाची चिठ्ठी, विजेचं बिल, औषधावरचं लेबल. डोळे पुढं गेले की तोंड मागून जातं. मी थांबले तेव्हा उशीर झाला होता.

"वाच," हे म्हणाले.

मी म्हटलं, बायकांचं काहीतरी आहे.

"तू पुनरुत्पादनाचा धडा वाचलायस मला. वाच."

मग वाचलं. आईला आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं आणि आता दिवसाचंही फारसं दिसत नाही, हे वाचलं. शिवणयंत्र देऊन टाकलं, ते वाचलं. तक्त्यावरून भांडली तेव्हाच तिला स्वतःचं कळायला लागलं होतं, आणि भांडण झालं ते एका अर्थी बरंच पडलं, भावासमोर यायला लागलं नाही, असं ती म्हणते, तेही वाचलं. आईच्या आजीलाही दिसत नव्हतं. लहानपणी आईच आजीचा हात धरून संध्याकाळी परसात न्यायची, आणि कुणाला सांगायचं नाही असं आजीनं तिला बजावलं होतं. आणि आईनं सांगितलेली ती शेवटची ओळ, 'बाळ्याला कळवू नका, तो लहानपणापासून सगळं स्वतःच्या माथी घेतो, त्याला वाटेल त्याच्याच खडूनं झालं.'

ती ओळ मी वाचली आणि शेंगा सोलायचा आवाज थांबला.

हे म्हणाले, "पूर्ण. ताईचं वर्तुळ पूर्ण." मग म्हणाले, "आजीचं तिला माहीत होतं. तिनं मला सांगितलं असतं, तर तक्ता चुकला नसता. का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्ही फळ्यावर काढलं असतं."

हे हसले. खरंच हसले, खांदे हलवून. मग तोंडावर दोन्ही हात घेतले आणि तसेच राहिले. मी पाठीवर हात फिरवत बसले. दुसरं काय करणार होते?

आईला सांग, कळलं. लपवायचं आता काही उरलं नाही. रागाचं सोंग इतकी वर्षं धरलंत, थकला असाल म्हणावं. ती येऊ शकत नसेल तर आम्ही येऊ, दिवसाउजेडी. मी कधी एकटीनं प्रवास केलेला नाही, पण पाट्या वाचता येतात. यांना तिचा चेहरा तेवढा दिसेल. तिला यांचा दिसणार नाही. तिनं हातानं बघावा. शिवणारीचे हात आहेत.

आणि मी, शहाणी, 'ठकूला सांगू नका' म्हणून लिहीत होते. ते तूच आईला वाचून दाखवलंस. वाचताना तुझा आवाज कसा झाला असेल, ते कालपासून डोक्यातून जात नाही. 'ठकू मोकळी आहे' हेही तूच वाचलंस. ज्या आईला हात धरून फिरवतेस, तिच्याच समोर.

पण पोरी, तू आईचं सगळं लिहिलंस, आजीचं लिहिलंस. स्वतःचं एक अक्षर नाही. दोन्ही कागद मी उलटसुलट करून पाहिले.

हे शेजारी बसलेत. म्हणतात, "तिला विचार." मग म्हणतात, "नको, विचारू नकोस." मघापासून हेच चाललंय. नुसतं पाकीट चिकटवून टाकावं, असंही मला वाटून गेलं.

तुला संध्याकाळी दिसतं का गं, ठकू?

लिहिलं बघ. आता हे म्हणतायत, खोड ते. पोरीला वाचायला लावू नकोस. फाड आणि नवा कागद घे.

मी खोडत नाहीये.

तुझी मामी